गेममधला इतिहास तपासायचा कसा: इतिहासाच्या बाईंची रीत

मी साताऱ्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांना समुराई, वायकिंग, नेपोलियन ही मंडळी पुस्तकाआधी गेममध्ये भेटून गेलेली असतात. पालकसभेत हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, हे गेम बंदच करून टाकू का?" मी म्हणते, बंद करू नका, शेजारी खुर्ची टाकून बसा. पण नुसतं बसून भागत नाही, बघायचं काय ते माहीत हवं. म्हणून हा लेख. स्वतः खेळणाऱ्यांनाही तो तितकाच चालेल.

गेममधल्या चुका काढायच्या म्हटलं की लोक लगेच तलवारीची मूठ, पगडीचा पीळ, घोड्याचं खोगीर यांच्या मागे लागतात. मी ते सगळ्यात शेवटी बघते. पगडी चुकली असेल तर पुढच्या आवृत्तीत कुणीतरी बदलेल. गेमचे नियमच त्या काळाला धरून नसतील, तर पगडी कितीही बिनचूक असो, खेळणारा चुकीचंच शिकून उठतो. आणि नियमांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते चित्रात नसतात. ते आपल्या बोटांतून शिरतात.

आधी साल, मग खेळ

एकच गेम नीट धरते. 'एम्पायर: टोटल वॉर'. २००९ चा, क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीचा. जुना झालाय, पण आपल्याकडे अजून खेळला जातो, कारण त्यात मराठे म्हणून खेळता येतं. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे. खेळ सुरू होतो १७०० साली, संपतो १७९९ ला, वर्षाला दोन डाव.

खेळ सुरू करण्याआधी कागदावर ते साल लिहा आणि खाली चार ओळी: गादीवर कोण, राजधानी कुठे, शत्रू कुठे, पैसा कुठून. या चार ओळींना मराठी विश्वकोश पुरतो, तो ऑनलाइन फुकट आहे. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर मिळालं तर उत्तमच.

१७०० चा कागद असा भरतो. डिसेंबर १६९९ पासून औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा. त्याची छावणी आमच्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. वर प्रयागजी प्रभू किल्ला लढवतायत. मोगलांनी सुरुंग लावले, त्यातल्या एका स्फोटाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि खाली हल्ल्याच्या तयारीत उभे असलेले मोगलांचेच लोक ढिगाऱ्यात गाडले गेले. वेढा चालू असतानाच मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला, बादशहाने त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत. ताराबाईंचं वय पंचविशीच्या आसपास, त्यांनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला. राजधानी धड एका जागी नाही.

आता गेम उघडा. पडद्यावर नाव येतं 'मराठा कॉन्फेडरसी'. म्हणजे शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले आणि पेशवे यांचा जो सैलसर संघ पुढे झाला, तो. १७०० मध्ये यातलं काहीच नव्हतं. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले १७१३ ला, बाजीराव १७२० ला, आणि सरदारांची ती घडी बसली त्याही नंतर. १७५० चं चित्र १७०० च्या चौकटीत बसवलंय. कंपनीला हे ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांच्या खेळाला एकच नाव आणि एकच झेंडा सोयीचा, म्हणून शतकाच्या मधलं नाव उचललं. सोय म्हणून केलेली गोष्ट सोय म्हणून ओळखावी, एवढंच.

जिंकलो असं गेम कधी म्हणतो?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर मोहीम निवडताना पडद्यावरच लिहिलेलं असतं. 'एम्पायर'मध्ये अमुक सालापर्यंत अमुक इतके प्रांत आपल्या ताब्यात असले की जिंकलं. प्रांत ताब्यात येतो त्याचं राजधानीचं शहर घेतलं की. शहर पडलं की सगळा प्रांत एका क्षणात आपल्या रंगाचा.

माझा भाचा पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत येतो तेव्हा लॅपटॉप घेऊनच येतो. त्याच्या शेजारी बसून मी हा खेळ बघितलाय. फार झकास खेळतो. पण त्याचं एकूण राजकारण म्हणजे शहर घे, कर बसव, पुढचं शहर घे.

मी म्हटलं, "अरे, चौथाई वसूल कर की."

"म्हणजे काय करू, मावशी?"

"मुलूख त्यांचाच राहू दे. दरवर्षी महसुलाचा चौथा हिस्सा आपला."

तो बराच वेळ तहाच्या पडद्यावर शोधत बसला. एकरकमी पैसे मागता येतात. व्यापाराचा करार होतो. दुसऱ्याच्या मुलखातल्या गावात सैन्य घालून ते लुटताही येतं. पण दुसऱ्याच्या राज्यात आपला कमाविसदार, म्हणजे वसुली करणारा अधिकारी, बसलाय, तो दरसाल हिशेबाने पैसे नेतोय आणि नकाशावर मुलूख त्या दुसऱ्याचाच आहे, असं काही मांडायला जागाच नाही. "एक प्रांत, एक रंग," भाचा म्हणाला. "दोन रंग नाही करता येत."

अठराव्या शतकातलं मराठ्यांचं राजकारण नेमकं या दोन रंगांचं होतं. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर सरदेशमुखीचा दहावा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, तेव्हा सुभे बादशहाचेच राहिले होते. बादशहाचा सुभेदारही राहिला. त्याच गावांतून मराठ्यांचा कमाविसदारही वसुली करत राहिला. रयतेच्या अंगावर दोन वसुल्या. हे चांगलं की वाईट यावर वर्गात तासभर भांडण होऊ शकतं आणि व्हावं. पण गेममध्ये ते भांडण उभंच राहत नाही. तिथे मालक एकच, सीमा पक्की, राजधानी पडली की विषय संपला. ही कल्पना नंतरच्या युरोपातल्या राष्ट्रांची, आणि गेम ती साऱ्या जगाला १७०० पासून लावून टाकतो.

तेव्हा कागदावर पाचवी ओळ लिहा: हा गेम काय मोजतो? प्रांत, सोनं, मारलेली माणसं, शोध. आणि त्याखाली सहावी: त्या काळची माणसं स्वतः काय मोजत होती?

त्यांच्यासारखं खेळून बघा

ही माझी आवडती कसोटी. इतिहासात त्या माणसांनी जे केलं तेच गेममध्ये करायचा प्रयत्न करायचा. जमलं तर बघायचं की गेम त्याचं बक्षीस देतो की शिक्षा.

ताराबाईंच्या काळात किल्ल्यांचं काय चाललं होतं ते बघा. औरंगजेब एकेक किल्ला घेत सुटला. साताऱ्यापाठोपाठ परळीचा सज्जनगड, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. यादी वाचून वाटतं, मराठे हरत होते. पण हे किल्ले पडले कसे ते बघितलं की चित्र फिरतं. बरेचसे लढून पडलेच नाहीत. किल्लेदाराने महिनोन्‌महिने मोगलांना पावसात, चिखलात, महागाईत अडकवून ठेवायचं आणि मग पैसे घेऊन, आपल्या माणसांसकट सुखरूप बाहेर पडायचं. विशाळगड सोडताना मराठ्यांच्या परशुरामपंत प्रतिनिधींनी दोन लाख रुपये घेतले. तोरणा तेवढा खराखुरा हल्ला करून घेतला, म्हणून त्याचं वेगळं नाव होतं. आणि बादशहा डोंगरात किल्ले मोजत बसलेला असताना १७०३ मध्ये मराठा सरदार नेमाजी शिंदे वऱ्हाडात मोगल सरदार रुस्तमखानाला पकडून पुढे माळव्यात घुसले. औरंगजेब १७०७ मध्ये नगरला वारला तोवर गेलेले किल्ले परत यायला लागले होते.

आता हेच गेममध्ये करा. राजधानी शत्रूला विका. घोडदळ घेऊन शत्रूच्या पाठीमागे जा. मी भाच्याला करायला लावलं. तो कुरकुरत म्हणाला, "मावशी, हे आत्महत्या करण्यासारखं आहे." किल्ला विकण्याचा तह कुणाला पटतच नव्हता, म्हणून त्याने तो सरळ सोडला. त्याबरोबर प्रांत गेला, प्रांताचा कर गेला, नवी फौज उभी करायची जागा गेली. फौजेचा पगार मात्र चालूच. थोड्याच डावांत खजिना रिकामा.

म्हणजे ज्या युक्तीने ती माणसं टिकली, त्याच युक्तीने गेममध्ये माणूस बुडतो. गेमचं गृहीत असं की सैन्याला राजधानीतून पगार जातो. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावरचा बारगीर होता तसा स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदारही होता, आणि मुलुखगिरीवर निघालेली फौज मुलखावरच पोट भरायची. ती राजधानीच्या खजिन्याकडे डोळे लावून बसत नव्हती. उलट औरंगजेबाची फौज बसायची, आणि तिचे पगार थकलेले असायचे. गेमने मराठ्यांना मोगलांची अर्थव्यवस्था देऊन टाकलीय, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात, पण त्यांना ते पटकन कळतं.

हत्तीची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. 'एम्पायर'मध्ये हिंदुस्थानी सत्तांना लढाऊ हत्ती मिळतात, हत्तीवर बंदूकधारी, हत्तीवर तोफा. देखणे दिसतात, जाहिरातीतही शोभतात. पण ज्यांचं सगळं बळ हलक्या घोड्यावर आणि सड्या फौजेवर, त्यांना तोफा लादलेला हत्ती म्हणजे पायातली बेडी. परदेशी कारागिराला हिंदुस्थान म्हटलं की हत्ती सुचतो, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडच्या मालिकांनाही तोच सुचतो.

कोण गाळलं गेलं

इथे मी वय विचारते. 'बॅटलफिल्ड' आणि 'कॉल ऑफ ड्यूटी' हे प्रौढांचे गेम आहेत, नववीच्या पोरांपुढे लावू नका. वर्गात मी फक्त नकाशाचं चित्र दाखवते, ते पुरतं.

'बॅटलफिल्ड १' हा २०१६ चा, पहिल्या महायुद्धावरचा. त्यात 'फाओ फोर्ट्रेस' नावाचा एक नकाशा आहे. वाळू, समुद्र, टेकाडावरचा किल्ला. एका बाजूला उस्मानी तुर्क, दुसऱ्या बाजूला 'ब्रिटिश एम्पायर'. फाओ म्हणजे आजच्या इराकचं दक्षिण टोक, बसऱ्याच्या खाली. तिथे ६ नोव्हेंबर १९१४ ला जी फौज उतरली ती हिंदुस्थानातून गेली होती. सहाव्या पूना डिव्हिजनची ती ब्रिगेड. एक गोरी पलटण, बाकीच्या हिंदी, आणि त्यात ११७ वी मराठा. नावातच पुणे आहे हो! पुढे हीच डिव्हिजन इराकमधल्याच कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपाशी अवस्थेत तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शरणागती पत्करली, आणि कैदेत त्यातली पुष्कळ मेली.

गेममधल्या एकट्याने खेळायच्या कथा बघा: अमेरिकन कृष्णवर्णीय सैनिक, ब्रिटिश रणगाडेवाला, वैमानिक, इटालियन, गॅलिपोलीतला ऑस्ट्रेलियन, आणि ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सबरोबरची एक बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळीतली, मुलगी. निवड वाईट नाही, नेहमीपेक्षा बरीच रुंद आहे. पण दहा लाखांच्या वर हिंदी माणसं या युद्धात समुद्रापार गेली, त्यातल्या एकालाही कथा नाही. फ्रान्स आणि रशिया तर पहिल्या आवृत्तीत सैन्य म्हणूनसुद्धा नव्हते, पुढच्या वर्षी वेगळे पैसे मोजून घ्यावे लागले. ज्या दोन देशांची लाखो माणसं मेली, ते पुरवणीत!

हे तपासायची माझी रीत साधी आहे. नकाशाचं नाव घ्या, खरी तारीख शोधा, त्या तारखेला तिथे कुठल्या पलटणी होत्या ते शोधा. मग आपल्या आसपास बघा. सातारा जिल्ह्यात, कोकणात, कितीतरी गावांत '१९१४-१९१९' असं कोरलेला छोटा दगड असतो, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. चावडीपाशी, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या आवारात. माझ्या एका वर्गाने असे दगड शोधून त्यांचे फोटो आणले आणि गेमच्या नकाशाशेजारी चिकटवले. त्याहून चांगला पाठ मला घेता आला नसता.

केलं कुणी, नाव कुणाचं

गाळण्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ढकलणं. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर', २०१९ ची आवृत्ती. त्यात उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक देश आहे, आणि तिथे 'हायवे ऑफ डेथ' नावाचा रस्ता. जळून गेलेल्या गाड्यांच्या रांगा. गेममध्ये सांगतात, रशियनांनी पळणाऱ्या लोकांवर बॉम्ब टाकले.

त्याच नावाचा रस्ता खरा आहे. कुवेतहून बसऱ्याकडे जाणारा महामार्ग ८०. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी फौजेच्या गाड्यांच्या रांगेवर तिथे हवाई हल्ले झाले, ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी केले. ते हल्ले योग्य होते का, यावर तेव्हापासून वाद आहे. गेमने नाव ठेवलं, दृश्य ठेवलं, फक्त करणारा बदलला. देश काल्पनिक असल्यामुळे वर म्हणायला मोकळे, की ही तर कथा आहे.

तेव्हा गेममध्ये देश खोटा आणि घटनेचं नाव खरं दिसलं, की थांबा. ते नाव शोधा. दोन मिनिटांचं काम.

वस्तू बघायच्या त्या आता

पगडी-तलवारीकडे इथे यायचं. आणि इथे जरा उदार राहा.

'असॅसिन्स क्रीड युनिटी' २०१४ चा, फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस. त्यातलं नोत्र दामचं चर्च बघून लोक थक्क झाले. पण त्यावर जो उंच मनोरा आहे तो १८५९ चा, व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाचा. क्रांतीच्या काळात तिथे तो नव्हता, आधीचा मध्ययुगीन मनोरा त्याच सुमारास उतरवला होता. मग ठेवला का? आजच्या माणसाला मनोऱ्याशिवायचं नोत्र दाम ओळखू येत नाही म्हणून. १५ एप्रिल २०१९ ला तोच मनोरा आगीत कोसळला, आणि लगेच बातमी फिरली की आता या गेमवरून चर्च पुन्हा बांधणार. सगळीकडे फिरली, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा. खरं मोजमाप होतं ते अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० च्या सुमारास केलेल्या लेसर नोंदींचं. गेमचं चर्च हे खेळाडूला भिंतीवर चढता यावं म्हणून घडवलेलं चर्च आहे.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये जपानच्या त्सुशिमा बेटावरची १२७४ ची मंगोल स्वारी आहे. तलवारीचा घाट नंतरचा, आणि नायक निसर्गात बसून हायकू रचतो, ते तर सतराव्या शतकाकडे सरकतं. खऱ्या त्सुशिमावर सो सुकेकुनी ऐंशीएक स्वार घेऊन लढला आणि मेला, तिथे एकट्या वीराने बेट सोडवल्याची गोष्ट नाही. पण कंपनीने हे मनोरंजन म्हणूनच मांडलंय. अशांवर माझा राग नाही.

'एज ऑफ एम्पायर्स ३'ची २००७ ची 'द एशियन डायनेस्टीज' मात्र मला खटकते. त्यात 'इंडियन्स' म्हणून खेळलं की एकाच गावात ताजमहाल, चारमिनार, आग्र्याचा किल्ला आणि करणीमातेचं देऊळ उभं करता येतं. गायी कापता येत नाहीत, त्यांना एका पवित्र कुरणात ठेवलं की अनुभवाचे गुण मिळतात. हरीण मात्र खुशाल मारायचं. अख्ख्या उपखंडाच्या ताटाचा निकाल एका नियमात लावलाय. याच मालिकेच्या २०२० च्या नव्या आवृत्तीत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या लोकांना विचारून बदल केले गेले. 'इरोक्वॉय' या जमातीचं नाव 'हौडेनोसौनी' झालं, 'सू'चं 'लकोटा' झालं, सोन्याच्या खाणींऐवजी त्यांना वेगळी बाजारपेठ दिली. म्हणजे विचारलं तर जमतं. हिंदुस्थानबद्दलही लोकांनी नेटाने लिहावं. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये २०२२ ला 'इंडियन्स' या एका गठ्ठ्याचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे भाग झालेच ना.

गेमबद्दलच्या कहाण्याही तपासा, हे जाता जाता. 'सिव्हिलायझेशन' या १९९१ च्या गेममध्ये संगणकाच्या एका चुकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अगदी आकडेमोडीसकट सांगतात. गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं की तशी चूक नव्हतीच. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत गांधीजींचा अणुबॉम्बकडचा कल मुद्दाम, गंमत म्हणून, टोकाला नेऊन ठेवला होता. गंमत आधी नव्हती, नंतर आली, आणि मग तिला जुना इतिहास चिकटवला.

कागदावरचा खेळ

संगणक नसला तरी चालेल असा शेवटचा भाग, शाळांसाठी. गेममध्ये जो नियम नाही तो मुलांना बनवायला लावायचा.

मी चौथाईचा खेळ करते. दख्खनचा नकाशा खडूने फरशीवर काढा, दहा-बारा प्रांत पुरे. तीन गट: बादशहा, मराठे, रयत. पैसा म्हणून चिंचोके. दर डावाला प्रत्येक प्रांतात आठ चिंचोके पिकतात आणि ते रयतेच्या हातात जातात. बादशहा प्रत्येक प्रांतातून चार मागतो, मराठे दोन. फौज ज्या प्रांतात उभी असेल तिथे ती आधी स्वतः दोन खाते. बादशहाला पाच फौजा द्या, प्रत्येकीला दर डावाला चार चिंचोके पगार. मराठ्यांना तीनच, पण पगार नाही, आणि एका डावात दोन प्रांत ओलांडायची मुभा. किल्ला घ्यायला बादशहाला तीन डाव थांबावं लागतं, किंवा सहा चिंचोके देऊन तो लगेच विकत घेता येतो. डावाअखेरीस रयतेच्या हातात दोनपेक्षा कमी उरले तर पुढच्या डावाला त्या प्रांतात पीक अर्धं.

आकडे मी ठरवलेत, ते बदला. मुलं बदलतातच. पहिल्या खेळात रयतेचा गट कंटाळतो, दुसऱ्यात भांडायला लागतो, आणि मग कुणीतरी नियम सुचवतं की रयतेला गाव सोडून शेजारच्या प्रांतात पळून जाता आलं पाहिजे. तो नियम जरूर घ्या. गावं ओस पडल्याच्या तक्रारी त्या काळच्या कागदपत्रांत आहेतच, तिथून पुढचा तास आपोआप सुरू होतो.

मागच्या वर्षी बादशहाच्या गटात वर्गातली सगळ्यात हुशार मुलं होती. त्यांनी नऊ किल्ले घेतले, फळ्यावर एकेक नाव लिहून टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या डावाला त्यांचा म्होरक्या माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, जिंकतोय आम्ही, पण पगाराला चिंचोके नाहीत. मराठ्यांकडून उसने घेतले तर चालेल का?"

चालेल म्हटलं. व्याज मात्र मराठ्यांच्या गटाने ठरवलं.